गोल कुणी मारला, तेच कळलं नाही

पत्र

ताई, नमस्कार. मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. दिवसा दुकानात काम करतो आणि रात्री लॅपटॉपवर एडिटिंग. गेल्या हंगामात आमच्या तालमीचा संघ एका स्पर्धेच्या फायनलला गेला, तेव्हा मी आणि दोन मित्रांनी तीन कॅमेऱ्यांवर अख्खा सामना शूट केला. एक कॅमेरा वर गॅलरीत, एक गोलच्या मागे आणि एक मोबाइल समोरच्या बाजूच्या टचलाइनवर. त्यातून 28 मिनिटांची फिल्म केली. शेवटच्या मिनिटांत कॉर्नरवर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या किकवर, आमच्या बचावपटूने हेडर मारला आणि आम्ही 1-0 ने जिंकलो, असा तिचा शेवट आहे. तालमीत पडदा लावून दाखवली. ज्यांनी सामना मैदानावर पाहिला होता ते ओरडले, बाकीचे मोबाइल बघत बसले. मावशीने तर नंतर विचारलं, ‘गोल कुणी मारला?’ मित्र म्हणतात, स्लो आहे, अजून फास्ट कर. परत परत कापली, आता बरेच शॉट सेकंदाच्या आतले आहेत, तरी लोक कंटाळतात. आमचे कोच म्हणतात, कॉर्नरवरचा गोल म्हणजे खरा फुटबॉल नव्हे, मैदानी गोल, म्हणजे खेळत्या चेंडूवरचा, असता तर फिल्म झाली असती. अजून कापू का? कॉर्नरला स्लो मोशन करून खाली हलगी टाकू का? आणि कॉमेंट्री घालावी का?

उत्तर

मित्रा,

अजून कापू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे आज रात्री लॅपटॉप उघडलास तरी कात्री बाजूला राहील.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुझ्या मावशीचं आहे. त्यांनी विचारलं, म्हणजे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्या 28 मिनिटं बसल्या, शेवटपर्यंत पाहिलं, आणि ज्या एका गोष्टीसाठी तू फिल्म केलीस तीच त्यांच्या नजरेतून निसटली. मित्र ‘स्लो’ म्हणतात, कारण कंटाळा आला की दोष द्यायला वेगच सगळ्यात आधी सापडतो. पण पडद्यावर कमी घडतंय म्हणून माणूस क्वचितच कंटाळतो. कोण कुठे आहे, कुणाला काय हवंय, आता काय होऊ शकतं, याचा धागा सुटला की तो मोबाइल काढतो. अशा माणसासमोर तू शॉट आखूड केलेस, की सुटलेला धागा पुन्हा पकडायला त्याला आणखी कमी वेळ मिळतो. तू कापत गेलास आणि कंटाळा वाढत गेला, तो यामुळे.

कॅमेरे कुठे होते ते तू लिहिलंस, हे फार बरं केलंस, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. गॅलरी मैदानाच्या एका बाजूला आणि मोबाइल बरोब्बर समोरच्या बाजूला. म्हणजे गॅलरीतून तुमचा संघ डावीकडून उजवीकडे चाल करताना दिसत असेल, तर त्याच क्षणी मोबाइलवर तो उजवीकडून डावीकडे जाताना दिसणार. या दोघांमध्ये सेकंदासेकंदाने कट मारलेस, की बघणाऱ्याला दोन्ही संघ दोन्ही गोलांवर तुटून पडल्यासारखे वाटतात. एडिटिंगमध्ये आम्ही याला लाइन क्रॉस झाली म्हणतो. या गोलपासून त्या गोलपर्यंत मनात एक रेघ ओढायची आणि कॅमेरे तिच्या एकाच बाजूला ठेवायचे. टीव्हीवरचा कुठलाही मोठा सामना बघ. मुख्य कॅमेरे सगळे एकाच स्टँडमध्ये असतात. समोरच्या बाजूचा शॉट दाखवलाच तर तो रीप्लेमध्ये, आणि अनेकदा ‘रिव्हर्स अँगल’ अशी पट्टी लावून. पेठेतल्या माणसाला जर्सीवरून, चालण्याच्या लकबीवरून सगळं ओळखू येतं. मावशीला फक्त दिशा ओळखू येते, आणि तू दिशाच मोडलीस.

त्यात मध्यंतरानंतर बाजू बदलतात. मैदानावर बसलेल्याला ते सांगावं लागत नाही, पडद्यासमोर बसलेल्याला सांगावं लागतं. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला गॅलरीतला एक शांत शॉट ठेव. दोन्ही संघ बाजू बदलून उभे राहताहेत, पंच घड्याळ बघतोय, पाच-सहा सेकंद. त्यावर एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

मग मोबाइलचं फुटेज फेकून द्यायचं का? अजिबात नाही. ज्या शॉटमध्ये खेळाची दिशा दिसत नाही ते सगळे वापर: बेंचवरचे चेहरे, पाण्याची बाटली, कोचचे हातवारे, बूट बांधणारा पोरगा. आणि गोलमागचा कॅमेरा रेघेवरच उभा आहे, ना या बाजूला ना त्या बाजूला. एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाणं अगदी भागच असेल तर मध्ये गोलमागचा शॉट घाल आणि मग जा. डोळ्याला धक्का बसत नाही.

आता वेगाचं. 1970 च्या वर्ल्ड कपची फायनल, मेक्सिको सिटी, 21 जून. ब्राझील इटलीविरुद्ध 3-1 ने पुढे, 86 वं मिनिट. ही क्लिप शोध आणि आवाज बंद करून बघ. क्लोदोआल्दो स्वतःच्या अर्ध्यात चार इटालियन खेळाडूंना चकवतो, तेही घाई न करता. चेंडू डावीकडे रिवेलिनोकडे, तिथून रेषेलगत लांब जैरझिन्योकडे. तो आत वळतो आणि पेलेला देतो. आणि पेले थांबतो. बॉक्सच्या तोंडाशी, समोर गोल, आणि हा माणूस चेंडू पायाशी घेऊन उभा! मग तो चेंडू उजवीकडे हलकेच सरकवून देतो, आणि पडद्यावर तिथे कुणीच नाही. क्षणभर वाटतं, वाया गेला. तेवढ्यात फ्रेमच्या बाहेरून कार्लोस अल्बेर्तो धावत येतो आणि त्याच धावेत फटका मारतो. 4-1.

ती धाव अंगावर येते ती पेलेच्या थांबण्यामुळे. पेलेही पळत असता तर दोन माणसं पळताना दिसली असती, बस. आणि कॅमेऱ्याने अल्बेर्तोला आधीपासून दाखवलं असतं तर तो पास ‘वाया’ वाटलाच नसता. कॅमेरामन बिचारा चेंडूमागे चालला होता, पण त्यातून संकलकाला एक मोठी गोष्ट मिळाली: प्रेक्षकाला एक प्रश्न पडू द्यायचा, तो अर्धा श्वास टिकू द्यायचा, आणि उत्तर फ्रेमच्या बाहेरून आणायचं. तुझ्या फिल्ममध्ये प्रश्न पडायलाच वेळ नाही. एकाच लांबीचे शॉट सलग आले, मग ते अर्ध्या सेकंदाचे असोत की अर्ध्या मिनिटाचे, डोळा त्या ठेक्याला सरावतो आणि मग त्याला वेग जाणवत नाही. वेग जाणवायचा तर तो बदलावा लागतो.

फुटबॉल स्वतःच असा आहे. 90 मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण 55 ते 60 मिनिटं. बाकीचा वेळ थ्रो-इन, गोल किक, फाउल, हुज्जत, बदली खेळाडू. आणि खेळाडू धावतो त्याहून कितीतरी जास्त चालतो. यावर एक अख्खी फिल्म आहे. 23 एप्रिल 2005 रोजी माद्रिदमध्ये रेयाल माद्रिद आणि विलारेयाल यांचा सामना चालू असताना डग्लस गॉर्डन आणि फिलिप पारेनो यांनी 17 कॅमेरे रेयालच्या एकट्या झिदानवर लावले होते. चेंडू कुठेही असो, कॅमेरे झिदानवर. तो चालतो, बूट जमिनीवर घासतो, थुंकतो, मान वळवून बघतो, पुन्हा चालतो. आणि मधूनच चेंडू आला की तो दोन-तीन सेकंदांत असं काही करतो की आपण पुढे सरकून बसतो. त्याच्याही आधी, 1970 साली, हेल्मुट कोस्टार्ड या जर्मन दिग्दर्शकाने मँचेस्टर युनायटेडच्या जॉर्ज बेस्टवर अनेक कॅमेऱ्यांनी हाच प्रयोग केला होता. या दोन्ही फिल्म सगळ्यांना आवडणार नाहीत, मला मात्र फार आवडतात. तू एकदा तरी बघ. तुझ्या फुटेजमध्ये असं चालणं तासभर असेल, आणि तू ते पहिल्या फटक्यात उडवलंस.

कोचना माझा नमस्कार सांग, पण कॉर्नरचा गोल खरा नव्हे हे त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. 2018 च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडने 12 गोल केले आणि त्यांतले 9 सेट पीसवर, म्हणजे कॉर्नर, फ्री किक, पेनल्टी धरून. त्यांचे खेळाडू कॉर्नरला एकामागे एक रांगेत उभे राहायचे आणि चेंडू मारला जाताच चौफेर फुटायचे. कुणी कुणाला धरायचं हे समोरच्यांना ठरवताच यायचं नाही. ही सरावाच्या मैदानावर घासून घासून बसवलेली गोष्ट आहे, ती खोटी कशी? पण त्यांच्या म्हणण्यात एक खरा भाग आहे आणि तो त्याच इंग्लंडने दाखवला. उपांत्य सामन्यात क्रोएशियाविरुद्ध पाचव्याच मिनिटाला ट्रिपियरने थेट फ्री किकवर गोल केला. त्यानंतर खेळत्या चेंडूवर त्यांना दुसरा गोल काही उभा करता आला नाही, आणि जादा वेळेत ते 2-1 ने हरले. सिनेमातही हेच होतं. मोठा प्रसंग, मग पुढचा मोठा प्रसंग, त्यांच्यामध्ये नुसती भर. दोन तासांनी प्रसंग आठवतात, माणसं आठवत नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न असा, की तुम्हाला तो कॉर्नर मिळाला कसा? तुझ्या पत्रात त्याचा एक शब्दही नाही, म्हणजे फिल्ममध्येही नसावा. कुणीतरी विंगवरून चाल केली असेल, क्रॉस मारला असेल, समोरच्या बचावपटूने घाईने चेंडू रेषेबाहेर घालवला असेल. ती चाल गॅलरीच्या कॅमेऱ्यात सलग असेल, तर ती सलगच ठेव, कट न मारता. कॉर्नर तिथून सुरू होतो.

आणि कॉर्नरमध्ये काय काय भरलेलं असतं, त्यासाठी त्याच 2018 च्या वर्ल्ड कपमधला बेल्जियम-जपान सामना बघ. 2 जुलै, रोस्तोव. जपान 2-0 ने पुढे होता, बेल्जियमने 2-2 केली. 90 मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेचं चौथं मिनिट. होंडाची लांबून मारलेली फ्री किक बेल्जियमचा गोलरक्षक कोर्त्वा अडवतो आणि जपानला कॉर्नर मिळतो. जपानचे खेळाडू वर जातात, कारण जिंकायची हीच संधी. चेंडू आत येतो आणि कोर्त्वा तो थेट हातात पकडतो. पकडताच तो धावत पुढे येतो आणि चेंडू जमिनीवरून डी ब्रॉयनाकडे सरकवतो. डी ब्रॉयना मोकळ्या मैदानातून मधोमध पळत सुटतो. जपानचे बचावासाठी उरलेले मोजके लोक मागे सरकत जातात. चेंडू उजवीकडे म्युनिएरकडे, तिथून पहिल्याच स्पर्शात आडवा. लुकाकू चेंडूसमोर येतो आणि तो न मारता पायांमधून जाऊ देतो. मागून शादली येतो आणि आत ढकलतो. कोर्त्वाच्या हातापासून जाळ्यापर्यंत दहा सेकंदांच्या आसपास. 3-2, आणि खेळ संपला.

त्या दहा सेकंदांचा वेग सगळ्यांना आठवतो. मला त्याच्या आधीचं जास्त महत्त्वाचं वाटतं: जपानची माणसं कॉर्नरसाठी वर चालत गेली तेव्हा त्यांच्या मागे किती मोकळी जागा पडली होती! कॉर्नर मारणारा संघ आपलं घर उघडं टाकून आलेला असतो. गोल होऊ शकतो, तसाच उलटा गोलही होऊ शकतो. हे प्रेक्षकाला ठाऊक असेल तर उभ्या चेंडूकडेसुद्धा तो डोळे न मिटता बघतो.

आता तुझा बचावपटू. गोल त्याने केला, म्हणजे कॉर्नर मिळाल्यावर तो स्वतःच्या अर्ध्यातून चालत वर गेला असणार. साठ-सत्तर मीटर. गॅलरीच्या शॉटमध्ये ते चालणं नक्की आहे. शोध. तो जाताना कुणाला मागे थांबायला सांगतो का? कोच त्याला जा म्हणतात, की थांब म्हणतात? गॅलरीतली माणसं त्याला बघून उभी राहतात का? त्याच्यामागे अर्धं मैदान रिकामं दिसतंय का? हे सगळं एकाच लांब शॉटमध्ये असेल तर तो शॉट पंधरा सेकंद ठेव, वीस ठेव. मावशीने त्याला चालत येताना पाहिलं, तर डोक्याला चेंडू लागल्यावर गोल कुणी मारला हे त्यांना कुणी सांगावं लागणार नाही. हा शॉट तू ‘हलत नाही, बोअर आहे’ म्हणून काढला असशील अशी मला दाट शंका आहे. तो परत आण. तुझ्या फिल्मचा कणा तो आहे.

सिनेमातले ज्यांना आपण सेट पीस म्हणतो ते मोठे, बेतून रचलेले प्रसंगही असेच बांधलेले असतात. हिचकॉकच्या 1959 च्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये एक माणूस ओसाड शेतांमधल्या एका फाट्यावर बसमधून उतरतो. भर दुपार, चहूकडे सपाट रान, लपायला एक झाड नाही. एक गाडी येते, निघून जाते. दुसरी येते, जाते. समोर रस्त्याच्या पलीकडे आणखी एक माणूस येऊन उभा राहतो, दोघे एकमेकांकडे बघत राहतात. तो माणूस जाता जाता म्हणतो, की दूरचं ते विमान औषध फवारतंय, पण तिथे पीकच नाही. मग त्याची बस येते आणि तो जातो. या सगळ्यात कितीतरी मिनिटं जातात आणि पार्श्वसंगीताचा एक सूर नाही. विमान अंगावर येतं तेव्हा पळायला कुठे जागा आहे आणि कुठे नाही, याचा नकाशा आपल्या डोक्यात तयार असतो. धावपळ कळते ती त्या आधीच्या निवांतपणामुळे. जपानी दिग्दर्शक कुरोसावाने ‘सेव्हन सामुराय’मध्ये तेच वेगळ्या रीतीने केलं. सामुराईंचा म्होरक्या गावाचा नकाशा घेऊन सगळ्या सीमा पायी फिरतो, लढाई कुठून येईल ते ठरवतो, डाकूंची संख्या वर्तुळं काढून मांडतो आणि एकेक मेला की खूण करतो. शेवटची लढाई मुसळधार पावसात, चिखलात, घोड्यांच्या गोंधळात आहे, तरीही आपण कधी हरवत नाही. तुझ्या शेवटच्या मिनिटांत पाऊसही नाही आणि घोडेही नाहीत, तरी मावशी हरवल्या.

स्लो मोशनचं विचारलंस. हेडरला लावू नकोस. चेंडू हवेत असताना वेळ ताणलास की प्रेक्षकाला आधीच कळतं, की हा गोल आहे. ‘होईल का?’ हा प्रश्न तूच मारून टाकतोस. लावायचंच असेल तर नंतर लाव. ‘सेव्हन सामुराय’च्या सुरुवातीला एक चोर लहान मुलाला ओलीस धरून झोपडीत बसलेला असतो. सामुराई आत घुसतो. वार आपल्याला दिसत नाही. चोर बाहेर येतो, आणि तो कोसळतो तेवढाच भाग संथ गतीत आहे. जे व्हायचं ते आधीच होऊन गेलंय आणि बघणाऱ्यांना ते आत्ता कळतंय, म्हणून तिथे वेळ संथ झालेला खरा वाटतो. तुझ्याकडे गोलमागचा कॅमेरा आहे. गोलरक्षक जमिनीवर पडलेला असेल, ज्याने तुमच्या बचावपटूला धरायला हवं होतं तो मागे वळून बघत असेल. त्या एका चेहऱ्याला चार सेकंद संथ गतीत दे, आणि तुमच्या संघाचा जल्लोष नेहमीच्या वेगात ठेव.

हलगी मला अतिशय प्रिय आहे, पण वरून टाकू नकोस. कोल्हापूरच्या गॅलरीत ती वाजत असतेच. तुझ्या कॅमेऱ्याच्या आवाजात ती असेल, फाटलेली, लांबून आलेली, मध्येच बंद पडलेली. तीच वापर. वाजवणारे स्वतः सामना बघत असतात, त्यामुळे कॉर्नर घेताना बहुतेक त्यांचे हात आपोआप थांबलेले असणार. ऐकून बघ. थांबले असतील तर तुला संगीत दिग्दर्शकाची गरजच नाही, गॅलरीनेच काम केलंय. स्टुडिओतली स्वच्छ हलगी तिथे घातलीस तर खरी गॅलरी ऐकू येणार नाही.

आणखी एक काम कर. फिल्मच्या पूर्वार्धात दुसरा एक कॉर्नर घाल, ज्यातून काही झालं नाही. सामन्यात असे पाच-सात तरी झाले असतील. तो पूर्ण दाखव: चेंडू कोपऱ्यात ठेवणं, हात वर करणं, बॉक्समधली ढकलाढकल, पंचाची ताकीद, मग चेंडू आणि सरळ क्लिअरन्स. त्यातून प्रेक्षक कॉर्नर बघायला शिकतो, आणि शेवटच्या वेळी तुझ्यापुढे दोन वाटा राहतात. एकतर तेच पुन्हा, पण या वेळी जास्त ताणून. किंवा उलट. 7 मे 2019 ला अॅनफिल्डवर लिव्हरपूलने बार्सिलोनाला जे केलं ते आठव. दोन सामन्यांची मिळून लढत, त्यातल्या पहिल्या सामन्यात लिव्हरपूल 3-0 ने हरलेलं, आणि आता 3-0 ने पुढे, 79 वं मिनिट. लिव्हरपूलचा अलेक्झांडर-अर्नोल्ड कॉर्नरला चेंडू सोडून दोन पावलं दूर जातो, जणू दुसरा कुणी मारणार आहे. बार्सिलोनाचे खेळाडू अजून आपापली माणसं शोधताहेत, काहींचं लक्षच नाही. तो झटकन वळतो, मारतो, आणि ओरिगी एकटा उभा. 4-0. कॉर्नरला थांबायचं असतं हे बार्सिलोनाने गृहीत धरलं होतं, तिथेच फसले. तुमचा कॉर्नर तसा पटकन घेतलेला नसेल तर खोटं करू नकोस, जसा घेतला तसाच ठेव. पण पूर्वार्धातला कॉर्नर मात्र हवाच.

थांबण्यात किती ताकद असते ते नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त पुन्हा एकदा बघ. जब्याचं कुटुंब शाळेजवळ डुकरामागे धावतंय, धरणार इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. एवढा वेळ चाललेली पळापळ एका क्षणात गोठते. हसू येतं आणि हसताना लाज वाटते. तिथे कितीही भराभर कट मारले असते तरी हे साधलं नसतं. त्यांचा ‘झुंड’ही फुटबॉलवरचाच. तिथे वस्तीतल्या पोरांचा कॉलेजच्या संघाशी सामना पूर्वार्धातच येऊन जातो, आणि शेवटचा ताण मैदानावर नसून विमानतळावरच्या तपासणीत आहे. म्हणजे फुटबॉलच्या फिल्मचा सगळ्यात मोठा प्रसंग गोलचाच असला पाहिजे असंही काही नाही. तुझ्याकडे पेठेतली माणसं आहेत, सामन्याच्या आदल्या रात्रीची तालीम असेल, हरलेल्या संघाची पोरं घरी जाताना असतील. थोडं तेही बघ. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातांनी कॅमेरा बनवला, तिथल्या पोराने नुसत्या गोलवर समाधान मानू नये असं मला मनापासून वाटतं.

लांबीची काळजी सध्या सोड. हे सगळं केल्यावर फिल्म 28 ची 32 मिनिटं झाली तर होऊ दे. मावशीला आणि सामना न पाहिलेल्या आणखी चार जणांना बसव. पडद्याकडे पाठ कर आणि त्यांच्याकडे बघ. ज्या क्षणी पहिला मोबाइल बाहेर येईल ती वेळ लिहून ठेव, आणि कापायचं तर त्याच्या मिनिटभर आधीचं काप. कंटाळा जिथे दिसतो त्याच्या थोडा आधी सुरू झालेला असतो.

कॉमेंट्री: सामन्याच्या वेळी मैदानावर माइकवरून कुणी बोलत असेल आणि ते रेकॉर्ड झालं असेल, तर तोच आवाज ठेव, त्यात गावाची बोली आहे. नंतर घरी बसून नवी रेकॉर्ड करू नकोस. त्या बोलणाऱ्याला निकाल ठाऊक असतो, आणि तो कितीही लपवला तरी आवाजात येतोच. कॉर्नरच्या आधीच्या त्या चालण्यावर मात्र माइकचा आवाजही अगदी कमी कर, एवढा की चेंडू कोपऱ्यात ठेवताना पंच काय बोलला ते ऐकू आलं पाहिजे.

— तुझी ताई